वरीलपैकी नाही

मी एक पडदा आहे. कापडाचा नाही, पुठ्ठ्याचा. माझ्यामागून कधी राजा आला नाही की विदूषक आला नाही. माझ्यामागे एक पंचवीस वर्षांची मुलगी बसायची. तिच्याजवळ एक वही असायची आणि वीस बाजूंचा एक लाल फासा असायचा. समोरच्यांना तिचा चेहरा दिसावा, पण हात दिसू नयेत, एवढ्यासाठी मी होतो. त्या हातांनी एका रविवारी काय केलं, ते माझ्याशिवाय कोणी पाहिलं नाही. तेच सांगायला बोलतोय. उशीर झालाय, हे मला माहीत आहे.

अमडापूरला रामराव गुरुजींची अभ्यासिका आहे. घरामागे पत्र्याचा हॉल, त्यात चोवीस टेबलं, चोवीस खुर्च्या आणि भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी. आसपासच्या खेड्यांतली मुलं-मुली सकाळी डबा घेऊन येतात आणि दिवस मावळताना जातात. तलाठी, लिपिक, पोलीस, ज्या भरतीची जाहिरात येईल तिचा अभ्यास करतात. त्यांच्यासाठी सराव प्रश्नसंच आले होते, त्यांचं मी खोकं. पुस्तकं कपाटात गेली आणि मी कोपऱ्यात पडलो. माझ्या अंगावर एक जाड बाण होता आणि त्याखाली छापलं होतं, 'ही बाजू वर'.

हिमानीने मला उचललं, कात्रीने माझ्या तीन फळ्या केल्या आणि चिकटपट्टीने एकमेकींना जोडल्या. बाहेरच्या बाजूला तिने घाट रंगवला, घाटावर किल्ला, पायथ्याशी एक कोरडं तळं. रंग छान जमले. पण जोडताना तिने मला उलटं धरलं होतं. बाण आतल्या बाजूला राहिला आणि त्याचं टोक जमिनीकडे झालं. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "राहू दे. कुणाला दिसतंय."

हिमानी अमडापूरचीच. शाळा इथली, पुढचं शिक्षण बंगळुरूचं, ते संपवून नुकतीच परतलेली. तिथल्या वसतिगृहात ती हा खेळ शिकली होती. खेळ सोपा आहे. एक जण गोष्ट मांडतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. 'तुम्ही गावाच्या वेशीवर उभे आहात, आता काय करता?' असं मांडणाऱ्याने विचारायचं. ते जे सांगतील ते घडतं. काम अवघड असलं तर फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर जमलं, लहान आला तर फसलं. बहुतेक वेळा फासा खेळणारेच टाकतात, सगळ्यांसमोर. पण पाऊस येणार का, नदी उतरणार का, शत्रू लपलाय का, अशा गोष्टींचा फासा मांडणारा पडद्यामागे टाकतो आणि आकडा सांगतो. त्याने सांगितलेला आकडा खरा मानायचा, असा रिवाज आहे.

परवानगी मागायला ती गुरुजींकडे गेली तेव्हा मी तिच्या काखेत होतो.

"गुरुजी, ह्या मुलांना चारातला एक पर्याय निवडायला शिकवलंय. पाचवा स्वतः तयार करायला कुणी शिकवलंच नाही."

गुरुजी चष्मा पुसत होते. "पाचव्याले उत्तरपत्रिकेत गोल नसते, पोरी."

पण त्यांनी हो म्हटलं. दर रविवारी तीन ते पाच, आवाज न करता. पालकांना त्यांनी सांगितलं की तोंडी परीक्षेची तयारी आहे.

त्याच दिवशी हिमानीने माझ्या आतल्या बाजूला लाल शाईने लिहिलं: 'खेळणारे आखलेली वाट सोडतील, तेव्हा आधी ऐका. कुठे जायचंय ते विचारा. का जायचंय तेही विचारा. अडवू नका.' अडवू नका, याच्याखाली तिने दोन रेघा मारल्या. त्या मला अजून टोचतात.

खेळायला तिघे बसले. प्रेरणा तलाठ्याच्या परीक्षेला बसणार होती, बोलायला चटपटीत. शालिग्राम पोलीस भरतीचा, सगळ्यांची टर उडवणारा. तिसरा गोकुळ, वयाने सगळ्यांत मोठा, एकतीसचा. खिडकीजवळचं चौदा नंबरचं टेबल त्याचं. सहा वर्षं तो तिथे बसत होता.

शालिग्रामने फासा उचलून उन्हात धरला. "हा फासा हाय का बोर हाय बे?"

हिमानीने गोष्ट सुरू केली. "तळं आटलंय. गावात पाणी नाही. तुम्ही तिघे वेशीवर उभे आहात. काय करता?"



"मॅडम, पर्याय सांगा ना," प्रेरणा म्हणाली.

"पर्याय नाहीत. तुला वाटेल ते कर."

"अन् चुकलं त मार्क कापता का?" शालिग्रामने विचारलं. "निगेटिव्ह हाय का याच्यात?"

हे तो गमतीने म्हणाला, पण तिघेही उत्तराची वाट बघत होते. नाही, असं हिमानीने तीनदा सांगितलं तरी पहिला अख्खा रविवार ते वेशीवरच उभे होते. दुसऱ्या रविवारी तिने कंटाळून चार पर्याय दिले. किल्ल्यावर जा, सरपंचाला भेटा, तळं बघा, झाडाखाली थांबा.

गोकुळने बराच वेळ विचार केला. मग हळूच म्हणाला, "वरीलपैकी नाही."

हिमानीने वहीवरून मान वर केली. "म्हणजे?"

"तो विहिरीवरचा रहाट मोडला म्हटलं ना तुमी. मी आधी त्याले पाह्यतो."

वहीत रहाट फक्त एका ओळीत होता, शोभेसाठी. हिमानीने माझ्यावरची लाल शाई वाचली आणि विचारलं, "का?"

"चालू होईन वाटते."

त्या दिवशी किल्ल्याचं कोणी नाव काढलं नाही. गोकुळ दोन तास रहाट दुरुस्त करत होता. कुठला दात झिजला, कुठे पाचर मारायची, सगळं सांगत होता आणि सांगताना त्याची बोटं हवेत तार गुंडाळल्यासारखी फिरत होती. पाणी वर आलं तेव्हा शालिग्रामने टाळीसाठी हात उचलले आणि 'शांतता राखा' बघून परत मांडीवर ठेवले. हिमानीने वहीतली तीन पानं फाडली. इतकं खूश मी तिला पुन्हा पाहिलं नाही.

तेव्हापासून तो त्यांचा शब्दच झाला. आखलेली वाट सोडायची असली की म्हणायचं, "वरीलपैकी नाही." घाटात दरोडेखोर आडवा आला. हिमानीने लढाईची जय्यत तयारी केली होती. प्रेरणा म्हणाली, "वरीलपैकी नाही. त्याले ईचारते, भाऊ, गाव कोणतं तुमचं?" हिमानीने तोंडाला आलं ते गाव सांगून टाकलं. ते निघालं प्रेरणाच्या आईचं माहेर.

"मंग हा त मामा झाला," प्रेरणा म्हणाली. "मामावर तलवार कशी काढू, ताई?"

"मामाच्या गळ्यातला हार पाह्य, तुह्याच मायचा असंन," शालिग्राम म्हणाला.

दरोडेखोराने तिघांना जेवू घातलं आणि घाट पार करून दिला. लढाईची पाच पानं वाया गेली. हिमानी ती पानं माझ्याआड चुरगाळत हसत होती.

मग भरतीची जाहिरात आली. गुरुजी म्हणाले, आता चारच रविवार, त्यानंतर परीक्षेपर्यंत खेळ बंद. हिमानीने वही उघडून मोजलं. किल्ला अजून दूर होता. आणि किल्ल्यावरच तिची सगळी आशा होती. तिच्या गोष्टीत किल्ल्याखालच्या झऱ्यावर एक शिळा होती. ती फोडली की तळं भरणार होतं. मग ते तिघे वीर, जग फिरायची संधी सोडून, गावातच राहायचं ठरवणार होते. हे शेवटचं पान तिने सगळ्यात आधी लिहिलं होतं, बंगळुरूहून येताना, गाडीत. ती स्वतः परत आली होती ना. कुणीतरी आपल्यासारखं परत यावं, राहावं, असं तिला फार वाटत होतं. माझ्यामागे बसून ते पान ती पुन्हा पुन्हा वाचायची. ओठ हलायचे.

तिथून ती अडवायला लागली. प्रेरणाला दुसऱ्या वाटेने जायचं होतं, तर त्या वाटेवरचा पूल पडला. शालिग्रामला जत्रा बघायची होती, तर जत्रा कालच उठली होती.

"मॅडम, पूल बराबर आजच पडला?" शालिग्रामने विचारलं.

"जुना होता," हिमानी म्हणाली.

ती लाल ओळ तिच्या डोळ्यांसमोरच होती. पण मला सरळ उभं धरण्यासाठी ती डावा हात माझ्यावर टेकवायची आणि अंगठा नेमका त्या दोन रेघांवर यायचा.

आता तो रविवार सांगतो.

त्या दिवशी पावणेतीनला गोकुळचे वडील आले. निवृत्तीकाका. गावाहून बसने डबा घेऊन आले होते. ते आत कधी येत नसत. चपला पायरीखाली काढून दारातच उभे राहत, देवळात राहावं तसे.

"चालू हाय ना अभ्यास?"

"चालू हाय, बाबा."

"आवंदा होऊन जाईन. मले माहीत हाय." डबा त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केला. "तुही माय म्हणे, पोरगं वाळून राह्यलं. लाडू देल्ले."

गोकुळने डबा घेतला. वडील पाठमोरे झाले तरी तो दारात उभा होता. काहीतरी म्हणायला त्याने तोंडही उघडलं होतं. मग प्रेरणाने हाक मारली आणि तो खेळायला येऊन बसला.

हिमानी म्हणाली, "समोर किल्ल्याची वाट आहे. दरवाजा उघडा आहे. काय करता?"

"चला," शालिग्राम म्हणाला.

"चला," प्रेरणा म्हणाली.

गोकुळ म्हणाला, "वरीलपैकी नाही."

हिमानीने श्वास सोडला. मला तो जाणवला. "गोकुळ, तळं आता एका दरवाजावर आहे."

"तळ्याकडं हे दोघं जातीन. मी घरी जातो."

"घरी कशाला?"

"बापाले सांगाचं हाय."

"काय सांगायचंय?"

गोकुळ माझ्यावर रंगवलेल्या तळ्याकडे बघत होता. "का हे मले जमत नाही. तलवार वापस ठेवतो म्हणा. दुसरं काम येते मले, ते करतो."

शालिग्रामला चेष्टा सुचली नाही. 

हिमानीने 'का' विचारायला हवं होतं. तिने स्वतः लिहिलं होतं तसं. पण तिला फक्त शेवटचं पान दिसत होतं आणि त्या पानावर तीन वीर होते, दोन नव्हते. ती म्हणाली, "वाटेत नदी आहे. पूर आलाय. पंधराच्या वर आकडा आला तरच उतरता येईल. नदीचा फासा मी टाकते."

फासा माझ्यामागे पडला, एकदा माझ्या कडेला आपटला आणि थांबला.

वीस.

त्याहून मोठा आकडा त्या फाशावर नाही. खेळाचे सगळे रविवार मिळून वीस तोवर एकदाही पडले नव्हते.

हिमानी फाशाकडे बघत राहिली. मग तिने तो मुठीत घेतला आणि म्हणाली, "तीन."

"तीन?" गोकुळने विचारलं.

"तीन. नदी उतरण्यासारखी नाही."

मी वाकलो असतो, पडलो असतो, तर सगळ्यांना तिची मूठ दिसली असती. पण मी पुठ्ठा आहे. लपवणं हेच माझं काम होतं आणि ते मी चोख केलं.

"बरं," गोकुळ म्हणाला. "मंग किल्ल्यावर जाऊ."

ते किल्ल्यावर गेले. पुढच्या दोन रविवारांत शिळा फुटली, तळं भरलं, तिघांनी गावात राहायचं ठरवलं. हिमानीने शेवटचं पान वाचून दाखवलं. तिला वाटलं, आपण काहीतरी उभं केलं. पण एक गोष्ट तिने ऐकली नाही, मी ऐकली. शिळेसमोर आल्यावर तिने विचारलं होतं, "गोकुळ, तू काय करतोस?" आणि गोकुळ म्हणाला होता, "पर्याय सांगा, मॅडम."

तो शब्द त्याने पुन्हा कधी उच्चारला नाही.

परीक्षा झाली. निकाल लागला. तिघांपैकी कोणाचंच नाव नव्हतं. प्रेरणा चिखलीच्या एका शाळेत शिकवायला लागली आणि शालिग्राम मामाच्या ट्रॅक्टरवर गेला. गोकुळ चौदा नंबरवर येऊन बसला. निवृत्तीकाका दारात येऊन म्हणाले, "फुडच्या बारीले होऊन जाईन."

एका दुपारी प्रेरणा हिमानीला भेटायला आली. मी टेबलावर घडी करून ठेवलेला होतो. बोलता बोलता प्रेरणा म्हणाली, "ताई, गोकुळदादाचं दुकान गेलं, माहीत हाय ना?"

"कसलं दुकान?"

"चिखलीतले नारायणराव नाही का, पाण्याच्या मोटारी भरून देते ते. जळलेली मोटार खोलाची, नवी तार भराची. दादा बारावीच्या सुट्ट्यात त्यायच्याकडंच शिकला. त्यायचं वय झालं, दादालेच दुकान देत होते चालवाले. म्हणे सोमवारपर्यंत सांग. दादा म्हणे, बाबाले कसं सांगू, सहा वर्षं डब्बा आणून राह्यले. एकडाव खेळात म्हणून पाह्यतो, तोंडातून कसं निंगते ते. मंग घरी सांगीन." ती थांबली. "अन् तुमच्या नदीले पूर आला."

"मग?"

"मंग काय. सोमवार गेला. दुकान दुसऱ्यानं घेतलं."

प्रेरणा गेल्यावर हिमानीने माझी घडी उघडली आणि आतली लाल शाई वाचली. बराच वेळ वाचत होती, चारच ओळी.

दुसऱ्या दिवशी तिने गोकुळला हॉलबाहेर बोलावलं, कडुनिंबाखाली. मला बरोबर नेलं. का नेलं ते तिलाही माहीत नसावं. तिने सगळं सांगितलं. गोकुळने मधे एकदाच विचारलं.

"वीस पडले होते?"

"हो."

"मंग चांगले पडले होते," तो म्हणाला. रागाने नाही. दुसऱ्या कोणाबद्दल ऐकल्यासारखं.

"गोकुळ, आपण ते पुन्हा खेळू. आत्ता. फासा नाही, पडदा नाही." तिने मला गवतात आडवं ठेवलं. "नदी उतरली आहे. तू घरी पोचलास. दारात तुझे बाबा आहेत. मी बाबा बनते. जे म्हणायचं होतं ते म्हण. कुणी अडवणार नाही."

गोकुळ उभा राहिला. पहिल्यांदाच त्यांच्यामध्ये मी नव्हतो. हिमानीने आवाज जड केला आणि तिच्या तोंडातून इतक्या वर्षांनी गावची बोली निघाली. "काऊन आला रे, गोकुळ?"

त्याने तोंड उघडलं. त्या रविवारी दारात उघडलं होतं तसंच. त्याचे हात बाजूला लोंबत होते, एक बोटही हललं नाही. वरून लिंबोळ्या पडत होत्या. एक माझ्यावर पडली.

"काई नाही, बाबा," तो म्हणाला. "डब्बा न्याले आलो होतो. अभ्यास चालू हाय."

हिमानीने वाकून माझ्यावरची लिंबोळी बाजूला केली.

"झालं, मॅडम? जाऊ मी? माह्यी सराव परीक्षा हाय."

तो आत गेला. तिने मला उचललं, झटकलं आणि उचलून धरल्यावर काय करायचं ते न सुचल्याने तशीच उभी राहिली.

खेळ पुन्हा मांडला गेला नाही. हिमानी अजून अमडापुरात आहे. गुरुजींच्या हॉलमध्ये इंग्रजी शिकवते, प्रश्नसंचातलं. चौदा नंबरजवळच्या खिडकीची काच फुटली तेव्हा गुरुजींनी मला तिथे ठोकलं, गोकुळच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून. रंगवलेली बाजू बाहेर आहे. घाट उडाला, किल्ला उडाला, कोरडं तळं तेवढं ओळखू येतं. लाल शाई आत आहे, गोकुळच्या खांद्याच्या उंचीवर. ठोकताना गुरुजींनी माझ्यावरचं छापील वाचलं आणि मला फिरवून लावलं. आता बाण बरोबर वर आहे. लाल ओळी मात्र त्यामुळे उलट्या झाल्या. कोणी मान वाकडी करून त्या वाचल्याचं मी पाहिलं नाही.

मला कुणाकडून काही मागायचा हक्क नाही. तरीही तुम्ही कुणासाठी वाट आखली असेल, प्रेमाने, चांगल्यासाठी, रात्रंदिवस खपून, आणि तो माणूस अर्ध्या वाटेवर थांबून म्हणाला की यातलं काहीच नको, तर त्याला का ते विचारा. नदीला पूर आणू नका. तो तेव्हा एकदाच बोलत असतो. हे मला उशिरा कळलं आणि कळूनही मला माझ्या जागेवरून हलता येत नाही.

आज रविवार आहे. पावणेतीनची बस येऊन गेली. दारात चपला काढल्याचा आवाज झाला.

"चालू हाय ना?"

"चालू हाय, बाबा."

गोकुळ डबा ठेवतो आणि परत खुर्चीवर बसतो. पुढचा प्रश्न वाचतो. हल्ली तो फार वेळ घेत नाही. चार गोल असतात, त्यातला एक काळा करतो.